शिमग्याचं तोंड

फाका घालणारा आवाज माझ्या नवऱ्याचा आहे, हे पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर उभ्या असलेल्या सगळ्या बायकांत मला शेवटी कळलं.

होळीचं झाड डोंगरावरून खाली येत होतं. आमच्याकडे शिमग्याला आंब्याचं अख्खं झाड तोडतात आणि गावचे पुरुष ते खांद्यावर घेऊन भर दुपारी धावत आणतात. आणताना फाका घालतात. फाका म्हणजे शिव्या. पण साध्या नव्हेत. नाव घेऊन, यमक जुळवून, समोरच्याच्या सात पिढ्यांसकट. एकानं पुढून घालायचा, बाकीच्यांनी मागून बोंब ठोकायची. त्या दिवसांत कुणी कुणाच्या तोंडाचा राग धरायचा नाही, अशी रीत. पालखी देवळात परत गेली, गुरवानं नारळ फोडला, की तोंडं बंद. मग पुढच्या फाल्गुनापर्यंत सगळे सभ्य.

त्या दुपारचा आवाज मोकळा होता, खणखणीत होता. त्यानं आधी गुरवाला घेतलं, मग पोलीस पाटलाला, मग स्वतःच्या थोरल्या भावाला. माझी जाऊ पदर तोंडात कोंबून हसत होती.

"आयकतेस ना गो, वनिता," ती म्हणाली. "काशीभावजींना वाचा फुटली."

"कुणाला?"

"अगो, तुज्या नवऱ्याला."

झाड वळणावर आलं आणि मला हे दिसले. सगळ्यांत पुढे, बुंध्याला खांदा देऊन, शर्टाची बटणं उघडी, मानेच्या शिरा ताणलेल्या. मला बघितल्यावर त्यांनी एक फाका माझ्या नावानंही घातला. पाखाडीवरच्या बायका हसता हसता खाली बसल्या. हे काय म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीही हसाल, आणि मला नेमका त्या हसण्याचाच राग आहे. इतकी वर्षं झाली तरी आहे.

माझा नवरा काशिराम मांडवकर हा शिंपी. जातीनं नव्हे, कामानं. नाक्यावर आमचं दुकान, बायकांचे ब्लाऊज शिवायचं. बायकांचं काम करणाऱ्या पुरुषाला गावात टिकायचं तर त्याचं तोंड आणि नजर दोन्ही जागेवर लागतात. ह्यांची इतकी जागेवर होती की लग्नानंतर सुरुवातीला मला वाटलं, माझ्या माहेरच्यांचं मानपानात काही तरी चुकलं असणार. टेप मी लावायची. आकडा मी हळूच सांगायची. हे मशीनवर भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे आणि कापडाच्या कोपऱ्यावर खडूनं लिहून घ्यायचे. कुठल्या बाईचं अंग कुठे वाढलं, कुठे ओसरलं, ते ह्यांना ठाऊक असायचं आणि ह्यांच्याजवळच राहायचं. बायका त्या भरवशावर यायच्या. आमची शिवण काही जगावेगळी नव्हती.

मार्गशीर्षात हे दादांच्या मोटारसायकलवरून पडले. दादा म्हणजे माझे थोरले दीर, गंगाराम. लग्नसराईसाठी अस्तर आणि लेस आणायला दोघं तालुक्याला निघाले होते. वळणावर बकरी आडवी आली, दादांनी ब्रेक दाबला, गाडी घसरली, हे उताणे रस्त्यावर. डोकं पाठीमागून आपटलं. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. थोडं रक्त साकळलंय, आपोआप जिरेल, म्हणाले. काही दिवस ठेवून घेतलं, जिरलं तसं घरी पाठवलं. टाका नाही, पट्टी नाही. पट्टी दादांच्या कोपराला होती आणि ती महिनाभर होती. बघायला येणारे आधी त्या कोपराची चौकशी करायचे.

मग ह्यांच्यासमोर बसून विचारायचे, "काय काश्या, वळखलंस कं मला?" हे ओळखायचे. ते समाधानानं चहा प्यायचे आणि जायचे. आमच्या गावात डोकं तपासायची ही एकच परीक्षा होती आणि तीत हे रोज पहिले येत होते.

घरात मला वेगळं दिसत होतं. दिवसाउजेडी हे ओंडक्यासारखे झोपायचे. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात. दुकानात कापड समोर, कात्री हातात, आणि माणूस नुसता बसलेला. मी "कापा" म्हटलं की कापायचे आणि "थांबा" म्हणेपर्यंत कापतच राहायचे. एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या. मी दाखवल्या तर म्हणाले, "मंग तिला सांग, डावा हात घरी ठेवून ये." मला हसू आलं. मग मी त्या बाह्या उसवायला बसले आणि हसू गेलं. ह्या माणसानं आयुष्यात कुणाला टोमणा मारला नव्हता.

दादांना सांगितलं तर ते म्हणाले, अशक्तपणा आहे, अंडी दे. अंडी दिली. जावेला सांगितलं तर ती म्हणाली, पुरुषाला घरी बसवलं की असंच होतं. माझ्या आईनं अंगारा पाठवला. तोही लावला.

आणि मग शिमगा आला आणि सगळ्यांनी एकदम ठरवून टाकलं की काशिराम बरा झाला. नुसता बरा नव्हे, आधीपेक्षा चांगला. दादा तर ह्यांना खाली ठेवायला तयार नव्हते. पालखीपुढे ह्यांनाच उभं करायचे. एक फाका संपला की कानाशी लागून पुढचं नाव सुचवायचे, आता ह्याचा घाल, आता त्याचा घाल. मी सांगायला गेले की ह्यांना ऊन सोसत नाही, गोंगाट सोसत नाही, घरी पाठवा. दादा म्हणाले, "माजा भाव किती म्हयन्यांनी खुशीत हाय, तुला बघवत नाय कं?" हे रोज संध्याकाळी घरी आले की डोकं दोन्ही हातांत धरून बसायचे. ते बघायला कुणी येत नव्हतं.

गुरवानं नारळ फोडला. सगळ्या गावाची तोंडं बंद झाली. ह्यांचं उघडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दूधवाल्याला शिवी घातली. काश्याचा शिमगा अजून उतरला नाय, म्हणून तो हसला. मग शाळेच्या बाईंना घातली. तिथे थोडे कमी हसले. पाडव्यापर्यंत कुणीच हसत नव्हतं. मातला म्हणायला लागले. बायकोचा धाक नाही म्हणायला लागले. ज्यांनी खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, तेच. शिव्या त्याच, माणूस तोच, तिथी फक्त पुढे सरकली होती.

पाडव्यानंतर दर्शना दुकानात आली. दर्शना म्हणजे तात्या गोताडांची सून. तात्या आमच्या गावचे गावकर. पालखीचा पहिला मान त्यांचा आणि गावकीत शेवटचा शब्दही त्यांचा. दर्शनाचा नवरा बोटीवर नोकरीला, दिवाळीनंतर गेलेला. दुकानात आणखी तीनचार बायका फॉल लावायला आल्या होत्या. दर्शना माझ्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, ब्लाऊज काखेत दाटतोय, जरा सोडून द्याल का.

मी टेप काढेपर्यंत मशीन थांबलं. भिंतीकडे बसणारा माणूस वळला, तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला,

"ब्लाऊज नाय दाटत. तूच वाढलीयस. छाती वाढली, पोट वाढलं. तिसरा म्हयना हाय कं?" आणि मग मनाशी मोजल्यासारखं, "पण नवरा तर दिवाळीपासनं बोटीवर."

आवाजात काही नव्हतं. चेष्टा नव्हती, खोच नव्हती. अस्तर किती लागेल ते सांगावं तसे हे बोलले. दर्शना ब्लाऊज तिथेच टाकून गेली. बाकीच्या बायका चपला शोधायला लागल्या, आणि चपला सापडायच्या आधीच ती गोष्ट नाक्याच्या पलीकडे पोचली असणार.

"काय बोललात हे तुम्ही?"

"काय बोल्लो?" त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं. "वाढलीय ना ती."

संध्याकाळी दादा आले. तात्यांनी रविवारी सकाळी देवळात गावकी बोलावली होती. देवापुढे नारळ हातात धरायचा, चुकलो म्हणायचं, पुन्हा असं तोंड चालवणार नाही असा शब्द द्यायचा. तेवढ्यावर तात्या मिटवायला तयार होते. हे थोडक्यात निभावत होतं, असं दादांचं म्हणणं.

"आणि देवापुढे दिलेला शब्द मोडला तर?" मी विचारलं.

दादांनी चहाचा घोट घेतला. बोलायची गरजही नव्हती. नारळ धरून शब्द मोडणाऱ्याला गाव टाकतं. त्याच्या दुकानाची पायरी कुणी चढत नाही, विहिरीवर त्याच्या बायकोशी कुणी बोलत नाही, घरात मयत झालं तर खांदा द्यायला माणूस मिळत नाही. वरच्या वाडीत असं एक घर होतं. माणसं राहत होती आणि तरी अंगणात गुडघाभर गवत होतं. आणि माझा नवरा हा शब्द रविवारी दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा पाळू शकणार नव्हता. एवढं मला कळत होतं. का, ते सांगता येत नव्हतं.

"जमंल," दादा म्हणाले. "मनावर घेतलान तर जमंल."

आतून हे म्हणाले, "नारळ धरतो मी. मंग तो घरी आणायचा कं तिथंच खायचा?"

दादा हसले. मी त्यांच्या पुढचा चहाचा कप उचलून मोरीत ओतला. तो अर्धा भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांच्या घरी मागच्या बाजूनं गेले. दर्शना दगडावर कपडे आपटत होती. तिचा राग खरा होता आणि तो मी ऐकून घ्यायलाच गेले होते. तिनं बोलून घेतलं. सासू तिच्याशी बोलत नव्हती. नवऱ्याला फोनवर कुणी तरी कळवलंही होतं. नवरा बोटीवर गेल्यापासून ती मुंबई सोडून गावी राहायला आली होती; पोट तिचं गावच्या भातानं वाढलं होतं, पण ते ती कुणाकुणाला सांगणार. बोलून झाल्यावर ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"काकी, एक विचारू? माझ्या लग्नातले सगळे ब्लाऊज काकांनी शिवले. तेव्हा मी आतापेक्षा जाड होते. तुम्ही आकडा सांगत होतात आणि काकांनी भिंतीवरची नजर काढली नाही. निघताना एवढंच म्हणाले, पोरी, दोरा आत ठेवलाय, लागलं तर सोडता येईल." तिनं ओले हात पदराला पुसले. "काल जे वळून बघत होते ते काका नव्हते. काय झालंय त्यांना?"

मार्गशीर्षापासून हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी तरी विचारत होतं. ज्या पोरीची ह्यांनी चारचौघींत अब्रू घेतली, तिनं विचारला. बाकी सगळ्या गावानं ह्यांना फक्त स्वतःचं नाव विचारलं होतं. मला इतका राग आला की मी त्या ओल्या दगडावरच बसले.

तालुक्याला परकार म्हणून डॉक्टर बाई नवीन आल्या आहेत, मेंदूचं बघतात, असं दर्शनानंच सांगितलं. बाईमाणूस एकटी नवऱ्याला घेऊन कशी जाणार, म्हणून दादा बरोबर आले.

डॉक्टर बाई माझ्या भाचीएवढ्या दिसत होत्या. त्यांनी ह्यांची नाडी बघितली नाही की जीभ बघितली नाही. कागद वाचले आणि विचारलं, "पडण्याआधीचा माणूस आणि आत्ताचा माणूस, ह्यात काय फरक आहे?"

"काय फरक नाय," दादा म्हणाले. "उलट मोकळा झालाय. आधी बोलत नव्हता."

डॉक्टर लिहायला लागल्या. मी लग्न होऊन आल्यापासून दिरासमोर नजर वर केली नव्हती. त्या दिवशी केली.

"दादा, तुम्ही बाहेर बसा."

"काय?"

"बाहेर बाकडं आहे. तिथे बसा."

दादा उठले, पण गेले दारापर्यंतच. मी सगळं सांगितलं. झोप, शिट्टी, कात्री, बाह्या, शिमगा, दर्शना. सांगताना माझा आवाज इतका चढला की बाहेरची नर्स डोकावून गेली. हे खिडकीतून बाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "ही आता लय बोलते."

डॉक्टरांनी ह्यांना डोळे मिटायला सांगितलं. कॉफीची पुडी फोडून नाकाशी धरली. हे म्हणाले, काही नाही. संत्र्याची साल धरली. काही नाही. कापूर धरला, तेव्हाही काही नाही; वर म्हणाले, "हात धुतलेत काय तुमी?"

आणि मला मागच्याच महिन्यातली एक दुपार आठवली. इस्त्रीखाली अस्तर जळलं होतं, दुकान धुरानं कोंदलं होतं, मी नळावरून धावत आले, आणि हे त्या इस्त्रीच्या शेजारी बसून हुक लावत होते.

"दह्याचा बंद डबा हातातून पडला तर काय होतं?" डॉक्टर मला म्हणाल्या. "डब्याला काही होत नाही, आतलं दही फुटतं. हे मागे आपटले आणि मेंदू पुढच्या हाडावर जाऊन आदळला. वास कळणं तिथेच गेलं. आणि कपाळामागचा जो भाग माणसाला सांगतो, हे बोलू नकोस, आता थांब, आता सुरू कर, तो दुखावलाय. हे मुद्दाम करत नाहीत. आणि आपण बदललोय हे त्यांना समजत नाही, तेही त्या दुखापतीतलंच आहे."

"फोटोत तर काय नव्हतं," दारातून दादा म्हणाले.

"रक्त नव्हतं. स्वभाव फोटोत दिसत नाही."

मी विचारलं, बरे होतील का. त्या म्हणाल्या, सुधारतील, वर्षभर तरी थोडे थोडे सुधारत राहतील. गोंगाट टाळा, झोपू द्या, एका वेळी एकच काम द्या. पण होते तसे होतील असं मी सांगणार नाही. खोटं बोलणं त्यांना सोपं गेलं असतं. त्या बोलल्या नाहीत, म्हणून एवढ्या सगळ्यांत त्यांच्यावर तेवढा माझा राग नाही.

एसटीची वाट बघताना दादा म्हणाले, "ह्यातलं गावकीत काय काढायचं नाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"येडा झाला म्हणतील. माजी पोरगी चित्रा लग्नाची हाय. येड्याच्या घरात सोयरीक कोण करील? चुकलो म्हटलं की धुऊन जातं. येड धुऊन जात नाय."

"आणि नारळ धरून शब्द मोडला की?"

"मी हाय ना. मी सांभाळतो त्याला."

हे आमच्या दोघांच्या मध्ये बसून चणे खात होते. मी दादांकडे वळले आणि जे आम्ही दोघंही इतके दिवस टाळत होतो ते बोलले. "बकरी आडवी आली, ती तुमची चूक नव्हती, दादा. तेव्हाही मी म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. पण हे लपवलंत तर ती तुमची."

त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हात उगारतील. त्यांनी काही केलं नाही. एसटी आली तेव्हा ते पुढच्या सीटवर जाऊन एकटे बसले.

रविवारी देवळाच्या मंडपात गाव बसलं. गाव म्हणजे पुरुष. बायकांनी गावकीत यायची रीत नाही, म्हणून मी पायरीच्या खाली उभी राहिले. थोड्या वेळानं डोक्यावरून पदर घेऊन कुणी तरी माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं. दर्शना होती.

दादा उठले. लहान भाऊ आहे, चुकला, पदरात घ्या, एवढंच बोलले आणि खाली बघून बसले. गुरवानं ह्यांच्या हातात नारळ दिला. हे तो कानाशी धरून हलवून बघायला लागले. गुरव देवाकडे तोंड करून गाऱ्हाणं घालायला लागला.

मी पायरी चढले.

"नारळ घ्या त्यांच्या हातातून."

गुरव थांबला. तात्यांनी मान वळवली. "वनिता, बाईमाणसानं हितं बोलायची रीत नाय."

"शिमग्याची पण रीत होती ना, तात्या. ह्याच शिव्यांना तुम्ही ह्यांना खांद्यावर घेतलंत. लग्न झाल्यापासून ज्याच्या तोंडून मी वावगा शब्द ऐकला नाही, त्याला हे तोंड आलं कुठून, असं तुमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. हसलात. अजून घाल म्हणालात. हे डोक्यावर पडलेत. आत मार बसलाय. काय बोलायचं आणि काय गिळायचं, ते ठरवणारी जागाच दुखावलीय. डॉक्टर बाईंनी सांगितलंय, दादा ऐकत होते. हे आत्ता शब्द देतील, हवे तेवढे देतील. दुपारी मोडतील. मग तुम्ही आम्हाला गावाबाहेर टाकाल. टाकायचंच असेल तर तसंच टाका. देवाला मध्ये घालू नका."

कुणी तरी मागून विचारलं, "म्हंजे काश्या येडा झाला?"

"जखमी झाला," मी म्हटलं. "कोपराला झाली असती तर तुम्हाला दिसली असती."

मंडपात कुजबुज वाढली. त्या कुजबुजीत दर्शना पायरीवरूनच म्हणाली, "बाबा, अपमान माझा झालाय. मला त्यांचा नारळ नको."

"तू घरी जा," तात्या म्हणाले. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती. ते ह्यांच्याकडे वळले. "काश्या. तू सांग. माज्या सुनंला बोल्लास, ते मुद्दाम बोल्लास कं नाय?"

हे तात्यांना न्याहाळत होते.

"तात्या," हे म्हणाले, "लेंगा उसवलाय तुमचा. बसलात तवा मागनं सगळा दिसला. उठू नका, मी दोरा घालून देतो."

नारळ जमिनीवर ठेवून ह्यांनी कॉलरमध्ये टोचलेली सुई काढली, दोरा ओठांत ओला केला आणि रांगत तात्यांच्या मागे जायला निघाले.

मंडप फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. गुरव देवाकडे पाठ करून हसला. मी एकेका तोंडाकडे बघत गेले. मला त्या प्रत्येक तोंडात तो नारळ कोंबावासा वाटत होता.

तात्या हसत नव्हते. ते मान मागे वळवून ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. हे एक डोळा बारीक करून सुईत दोरा ओवत होते आणि चेहऱ्यावर फक्त काळजी होती, की गावच्या मोठ्या माणसाची चारचौघांत शोभा होऊ नये.

"हा मुद्दाम बोलत नाय," तात्या म्हणाले. मोठ्यानं नव्हे.

"हसू नका," दादा म्हणाले. ते कधी उभे राहिले ते मला कळलं नव्हतं. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "हसू नका रे. मी पाडलाय त्याला. गाडी माज्या हातात व्हती."

मग कुणी हसलं नाही. तात्यांनी तो नारळ स्वतः उचलला आणि देवापुढे ठेवला. शब्द घ्यायचा नाही, असं ठरलं. पुढच्या शिमग्यापासून काशिरामनं पालखीपुढे जायचं नाही आणि त्याला कुणी चढवायचं नाही, असंही ठरलं. न्याय झाला, असं म्हणत माणसं उठायला लागली. मी म्हटलं, अजून झाला नाही. तात्या, तुमच्या सुनेबद्दल तुम्ही काय बोलणार ते सगळ्यांसमोर बोला. तात्यांनी ओठ आवळले, मग म्हणाले की आपली सून शुद्ध आहे, ज्याला शंका असेल त्यानं त्यांच्यासमोर यावं. ते उठून मात्र उभे राहिले नाहीत. लेंगा खरंच उसवला होता.

आम्ही दोघं पाखाडीनं घरी निघालो. ऊन चढलं होतं. हे डोक्यावर हात धरून माझ्या मागून एकेक पायरी उतरत होते.

"मी आधी कसा व्हतो गो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. भिंतीकडे तोंड करून बसायचे ते सांगितलं. माझ्या पहिल्या दिवाळीचा ब्लाऊज मला न विचारता, न मोजता शिवला आणि तो बरोबर बसला तेव्हा लाजून दुकानातून निघून गेले, ते सांगितलं. माझी आई आजारी होती तेव्हा एक शब्द न बोलता तिचे पाय चेपत बसायचे, ते सांगितलं. हे लक्ष देऊन ऐकत होते.

"बरा माणूस दिसतो," ते म्हणाले. पलीकडच्या गावातल्या कुणाबद्दल बोलावं तसे.

"होता."

"मंग तू त्याला सोडलंस कशाला?"

मी थांबले. "मी नाही सोडलं. तो गेला."

"आता तू माज्याकडं ऱ्हातेस, त्याला राग येत असंल."

"त्याला राग यायचा नाही. मला येतो."

"कुनाचा?"

मी पायरीवर बसले. हेही शेजारी येऊन बसले, शहाण्या मुलासारखे हात मांडीवर ठेवून. मी एकेक नाव घ्यायला लागले. प्रत्येक नावाला हे एकेक शिवी घालत गेले. मोकळी, यमक जुळवलेली, मनापासून. मी एकही गाळलं नाही. शेवटी ह्यांचं स्वतःचं नाव घेतलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग त्यालाही घातली.